उरलेले चारशे ग्रॅम

सकाळचे सव्वासहा वाजले होते आणि चिमणीचं वजन एक्कावन्न किलो शंभर ग्रॅम भरत होतं. अधिकृत वजन आठ वाजता. तिचा गट पन्नास किलोचा, आणि पन्नास म्हणजे पन्नास. काटा त्याच्यापुढे केसभर सरकला तरी पोरगी कुस्तीच्या स्पर्धेतून बाद, आणि त्या गटातले कॉलेजचे सगळे गुण पाण्यात.

"एक किलो शंभर," सर म्हणाले. शिट्टीची दोरी ते बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते. "पावणेदोन तास आहेत. भरपूर झाले. थोरले, घेऊन जा हिला खाली."

थोरली म्हणजे संघाची कॅप्टन. शेवटच्या वर्षाला होती, अडुसष्ट किलोच्या गटात खेळायची. सहा जणींत वयाने मोठी म्हणून पडलेलं हे नाव तिला इतकं चिकटलं होतं की हजेरीला कुणी खरं नाव पुकारलं तर तीच मागे वळून बघायची, कोण बुवा ही. चिमणी पहिल्या वर्षाची, सगळ्यांत लहान, जिभेने सगळ्यांत तिखट.

खाली म्हणजे क्रीडासंकुलाच्या तळघरात, बॉयलरच्या खोलीत. भिंतीभर जाडजूड पाइप फिरले होते आणि दार लावलं की पाच मिनिटांत पापण्या तापायच्या. तिथल्या रखवालदाराला सरांनी आदल्या दिवशीच पटवून ठेवलं होतं. थोरलीने चिमणीच्या अंगावर दोन बनियन, त्यावर प्लॅस्टिकचा सूट, त्यावर लोकरी स्वेटर असं सगळं चढवलं, मनगटांशी चिकटपट्टी गुंडाळली आणि हातात दोरी दिली.

"दोनशे उड्या. मग बसायचं. मग परत दोनशे."

"येतं गं मला, ताई." चिमणीचे ओठ असे सुकले होते की बोलताना एकमेकांना चिकटून मग सुटायचे. काल दुपारपासून तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

खरं तर चिमणी पन्नासची नव्हतीच. तिचं अंगचं वजन चोपन्न. त्रेपन्नच्या गटात ती राखीव होती. पण तीन आठवड्यांपूर्वी पन्नासवाल्या मुलीचा सरावात खांदा निखळला आणि तो गट रिकामा पडला. "कोण उतरेल खाली?" सरांनी विचारलं, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत चिमणीचा हात वर गेला होता. राष्ट्रीय स्पर्धा! पहिल्याच वर्षी! तिला तर त्या दिवशी कुणी चाळीसमध्ये उतरायला सांगितलं असतं तरी ती हो म्हणाली असती.

गट रिकामा सोडणं कुणालाच परवडणारं नव्हतं. कॉलेजला नव्याने आलेल्या संचालकांचा कुस्तीच्या हॉलवर डोळा होता. तिथे त्यांना संगणकाच्या प्रयोगशाळा थाटायच्या होत्या. "पहिल्या तिनांत या, मग बघू," असं ते सरांना तोंडावर म्हणाले होते. हॉल गेला तर मॅट गेली, मॅट गेली तर संघ गेला, आणि संघ गेला तर सर गेले. हे सरांनी मुलींना इतक्यांदा ऐकवलं होतं की त्यांना ते झोपेतही पाठ म्हणता आलं असतं.

आणखी एक गोष्ट सर दर वर्षी नव्या मुलींना ऐकवायचे. थोरलीची. थोरलीने पहिल्या वर्षी नऊ दिवसांत सहा किलो कसं उतरवलं, कशी हूं की चूं केली नाही, आणि त्याच दिवशी दोन कुस्त्या कशा मारल्या. "याला म्हणतात जिद्द," असं म्हणून ते थोरलीकडे बोट दाखवायचे आणि पंधरा-वीस नवखे चेहरे तिच्याकडे वळायचे. थोरली मान ताठ करून उभी राहायची. तिला ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

गोष्टीत दोन कुस्त्या होत्या. खरं तर तिने एकच मारली होती. दुसरीच्या आधी ती उलट्या करून आडवी झाली. परतताना बसमध्ये दोन सीटच्या मधल्या फटीत पडली आणि शुद्धीवर आली तेव्हा इस्पितळात होती. पुढचं वर्षभर तिची पाळी आली नाही. तिच्या आईला सरांनी फोनवर सांगितलं, बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल, पोट बिघडलंय. आणि थोरलीनेही आईला तेच सांगितलं.

सात वाजले. सव्वासात. चिमणी उड्या मारत होती, बसत होती, परत मारत होती. सुरुवातीला सुटाच्या बाहीतून घाम नळासारखा गळत होता. थोरली तो फडक्याने टिपत होती आणि टिपताना "शाब्बास, शाब्बास" करत होती. दर वीस मिनिटांनी ती तिला वरच्या छोट्या काट्यावर नेऊन वजन करत होती. पन्नास सहाशे. परत खाली. परत वर. पन्नास चारशे.

"चारशेच राहिले," थोरली म्हणाली. "झालंच समज."

चिमणी हसली. दोरी तिच्या पायात अडकली. तिने ती सोडवली, परत अडकली. मग ती पाइपाला टेकून बसली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "ताई, तो पंखा बंद कर ना. थंडी वाजतीये."

थोरलीने वर बघितलं. खोलीत पंखा नव्हता. भिंतीवर नाही, छताला नाही, कुठेच नाही.

तिने चिमणीच्या मनगटाची चिकटपट्टी टरकन फाडली आणि हात आत घातला. कातडी कोरडी ठणठणीत होती, आणि तापलेली. घाम थांबला होता.

थोरलीची आई इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या इस्त्रीयंत्रावर होती, बावीस वर्षं. तिथल्या बायका एकमेकींवर डोळा ठेवून असत. "घाम येतोय तोवर बाईला काही होत नाही," आई सांगायची, "पण यंत्रापाशी उभं राहून एखादीचा घाम सुकला ना, की आम्ही विचारायला थांबत नाही. दंडाला धरून बाहेर ओढतो." थोरलीने हे लहानपणापासून शंभरदा ऐकलं होतं. तिने चिमणीचा स्वेटर काढला, सूट काढला, तिला उचलून बाहेरच्या गार जिन्यात बसवलं आणि वर धावली.

सर वजनाच्या खोलीबाहेर कागद चाळत उभे होते.

"सर, तिचा घाम थांबलाय. बरळायला लागलीये. बास करू या."

"किती राहिलं?"

"सर, ती नसलेला पंखा बंद करायला सांगतीये मला!"

"किती राहिलं विचारतोय."

"चारशे."

सरांनी घड्याळ बघितलं. "पस्तीस मिनिटं आहेत. थुंकायला सांग. गम चघळायला दे, थुंकून थुंकून शंभर-दीडशे जातं. केस काप. उरलेलं मी बघतो." मग आवाज खाली आणून, जवळजवळ मायेने म्हणाले, "आणि डॉक्टरबाईंनी काही विचारलं तर म्हणावं, रात्री नीट जेवले. तिला तेवढं पढवून ठेव. तू केलं होतंस ना? ती पण करेल."

"मी बसमध्ये पडले होते, सर."

"त्याआधी जिंकली होतीस."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती सरांवर चिडली होती का? हो. पण त्याहून जास्त ती स्वतःवर भडकली होती. त्या खोलीत 'शाब्बास, शाब्बास' कोण करत होतं? दर वर्षी ती गोष्ट चालू असताना मान ताठ करून कोण उभं राहत होतं? तिने एकदाही तोंड उघडून "सर, दुसरी कुस्ती मी लढलेच नाही" असं म्हटलं असतं, तर ही पोरगी आत्ता जिन्यात थरथरत बसली नसती.

ती खाली गेली नाही. वजनाच्या खोलीत शिरली. तिथे टेबलामागे स्पर्धेच्या डॉक्टरबाई बसल्या होत्या. प्रत्येक मुलीची त्वचा, नखं, डोळे बघून सही करायचं त्यांचं काम. रांगेत तीस-चाळीस मुली. थोरली रांग मोडून सरळ टेबलापाशी गेली.

"बाई, आमची एक मुलगी तळघराच्या जिन्यात आहे. पन्नासच्या गटाची. काल दुपारपासून पाणी नाही. घाम थांबलाय. तुम्ही चला, लगेच."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या प्रशिक्षकांना माहितीये?"

"माहितीये," थोरली म्हणाली, मुद्दाम मोठ्याने, सगळी रांग ऐकेल असं. "त्यांनीच पाठवलं होतं तिला खाली."

*

त्यानंतरचं सगळं झटपट झालं. स्ट्रेचर आलं, चिमणीला औषधोपचाराच्या खोलीत नेऊन सलाईन लावलं, आणि डॉक्टरबाईंनी नोंदवहीत काहीतरी लांबलचक लिहिलं. आठ वाजता पन्नासच्या गटात कॉलेजच्या नावापुढे एक आडवी रेघ मारली गेली.

सर ओरडतील असं थोरलीला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीच्या दारात येऊन, आत न बघता, एवढंच म्हणाले, "कॅप्टनच्या कोपऱ्यात मी बसणार नाही. बाकीच्यांनी मला हाक मारावी." आणि निघून गेले.

ओरडली ती शहात्तर किलोवाली. तिला सगळे रणगाडा म्हणायचे, आणि तिला ते नाव मानाचं वाटायचं.

"आम्हाला विचारलंस?" ती बुटाची नाडी हातात धरून उभी राहिली. "कॅप्टन ना तू? पाच जणी आहोत इथे. एकीला तरी विचारलंस?"

"विचारायला वेळ होता का? तिला बघितलंस तू?"

"बघितलं! मीही उतरवलंय वजन, सगळ्यांनीच उतरवलंय! तुझं काय गं, तुझं हे शेवटचं वर्ष. तू जाशील पदवी घेऊन. आमचा हॉल गेला तर आम्ही कुठे जायचं? रस्त्यावर कुस्ती खेळायची?"

"हॉलसाठी पोरगी मारायची?"

"मरत नव्हती ती! चारशे ग्रॅम राहिले होते!"

बाकीच्या तिघी थोरलीच्या नजरेला नजर देत नव्हत्या, आणि ते रणगाड्याच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागत होतं. थोरलीने आपली पिशवी उचलली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन कपडे बदलले.

पहिल्या कुस्तीआधी ती चिमणीला बघून यायला गेली. चिमणी डोळे उघडे ठेवून पडली होती. गालांवर थोडा रंग आला होता. थोरलीला बघितल्याबरोबर तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बरं वाटतंय?"

चिमणी भिंतीचा रंग नखाने खरवडू लागली.

"चिमणे, तुला शुद्ध नव्हती गं."

"होती," भिंतीकडे बघत चिमणी म्हणाली. "मला सगळं आठवतंय. तू म्हणालीस, झालंच समज. आणि वर जाऊन चुगली केलीस."

"तू पंख्याबद्दल बोलत होतीस. पंखा नव्हता तिथे."

"मग? तुला पहिल्या वर्षी कुणी असं ओढून बाहेर काढलं होतं? नाही ना? म्हणून तू कॅप्टन झालीस. मला काढलंस म्हणून मी घरी जाणार, आणि घरी सगळे म्हणणार, वजन पण उतरवता आलं नाही हिला." तिचा आवाज फाटला. "जा तू. तुझी कुस्ती आहे."

थोरलीला तिथे खूप काही सांगायचं होतं. उलट्यांचं, बसचं, त्या वर्षभराचं. पण बाहेर लाउडस्पीकरवर तिचा गट पुकारत होते.

*

त्या दिवशी थोरली जशी लढली तशी ती आधी कधीच लढली नव्हती. ती मुळात सावध खेळाडू. समोरचीला दमवायची आणि शेवटच्या मिनिटात गुण काढायचे, ही तिची रीत. त्या दिवशी तिने रीतबीत काही ठेवली नाही. पहिल्या मुलीला तिने शिट्टी वाजल्यावर अकराव्या सेकंदाला दोन्ही पायांचा पट काढून उचललं आणि पाठीवर आपटलं. दुसरीचा हात असा खेचला की पंचांनी तिला ताकीद दिली. तिसरी, उपांत्य फेरीतली, चांगली होती, अनुभवी होती. तिच्याशी सहा मिनिटं झगडून थोरलीचा ओठ फुटला, पण हात तिचाच वर झाला.

तिन्ही वेळा तिच्या कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. दोन फेऱ्यांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात दुसऱ्या मुलींना कुणी पाणी द्यायचं, कुणी टॉवेलने वारा घालायचं, कुणी कानात डाव सांगायचं. थोरली आपली आपण बाटली उघडायची. प्रेक्षकांत कुजबुज व्हायची. सर पलीकडच्या मॅटवर रणगाड्याच्या कोपऱ्यात बसलेले असायचे, आणि मुद्दाम इकडे पाठ करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी फलकावर गुण लागले तेव्हा तिथे एकच गर्दी झाली. रणगाड्याने तिसरा क्रमांक मिळवला होता, त्रेपन्नवालीही पदकापर्यंत पोचली होती. कॉलेज चौथ्या स्थानावर होतं. आता एकच कुस्ती उरली होती, थोरलीची अंतिम फेरीची. ती जिंकली तर कॉलेज तिसरं. हरली तर चौथंच.

आणि दहा वाजता सर थोरलीसमोर येऊन उभे राहिले. खांद्यावर टॉवेल, हातात पाण्याची बाटली, जणू कालचा दिवस उगवलाच नव्हता.

"हे बघ, झालं गेलं विसरून जा," ते म्हणाले. "समोरची मागच्या वर्षीची विजेती आहे. तुला कोपऱ्यात माणूस लागेल. मी बसतो."

"काल लागत नव्हता?"

"थोरले, ही भांडायची वेळ नाही. हॉलचा प्रश्न आहे."

"हॉलसाठी मी लढतेच आहे. तुम्ही बसू नका." आपला आवाज इतका शांत कसा, याचं थोरलीलाच नवल वाटलं. आतून ती रटरट शिजत होती. "तुम्ही त्या खुर्चीत दिसलात तर मी मॅटवर जाणार नाही. खरंच सांगते. मग सांगा संचालकांना काय सांगायचं ते."

सरांचा चेहरा पडला. चार वर्षांत तिने त्यांना एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं. ते काहीतरी म्हणायला गेले, पण आजूबाजूला लोक थांबून बघायला लागले होते. टॉवेल खांद्यावरून काढून ते मागे सरले.

थोरली मॅटवर चढली तेव्हा खुर्ची रिकामी होती. पंच हात वर करणार एवढ्यात कोपऱ्यात काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. चिमणी खुर्ची पुढे ओढून बसत होती. पायात खोलीतल्या चपला, हाताला सलाईनच्या जागी कापसाचा बोळा, गळ्यात खेळाडूचं ओळखपत्र. तोंड असं की आत्ता कुणालातरी चावेल.

"बघतेस काय इकडे?" ती खेकसली. "तिकडे बघ!"

निळ्या पोशाखातली विजेती वीज होती. पहिल्या मिनिटात तिने थोरलीचा पाय धरून तिला खाली आणलं, दोन गुण. तिसऱ्या मिनिटाच्या आत परत तेच. चार शून्य. थोरली कालसारखी चिडून अंगावर जात होती, आणि विजेती तिच्या प्रत्येक चढाईच्या खालून निसटत होती.

मधल्या अर्ध्या मिनिटात चिमणीने तिच्या तोंडावर अक्षरशः पाणी फेकलं.

"काय चाललंय हे? बैल आहेस का? सरांचा राग तिच्यावर काय काढतेस, तिने काय घोडं मारलंय तुझं?"

"तुझा राग..."

"माझा राग राहू दे माझ्याकडे! मी अजून चिडलेलीच आहे, काळजी करू नकोस. ऐक. ती पट काढून उठते ना, तेव्हा तिचा डावा पाय मागे राहतो. दोन्ही वेळा राहिला. तू नेहमीसारखी खेळ. दमव तिला. आणि शेवटी तो पाय."

थोरली परत गेली आणि नेहमीसारखी खेळली. ढकलत राहिली, मानेवर वजन टाकत राहिली, हात अडकवत राहिली. विजेतीच्या छातीचा भाता हळूहळू वर-खाली व्हायला लागला. पाचव्या मिनिटाला थोरलीने तिला मागून धरून खाली बसवलं. चार दोन. चाळीस सेकंद उरले. तीस. कोपऱ्यातून चिमणीचा आवाज चिरकत येत होता, "थांब! थांब अजून! घाई नको!" पंधरा सेकंदांना विजेती शेवटची चढाई करून उठली, आणि तिचा डावा पाय मागे राहिला.

"आत्ता!" चिमणी किंचाळली.

थोरलीने तो पाय गुडघ्यामागे धरला आणि खांदा लावून पुढे झेपावली. दोघी एकदम कोसळल्या, निळा पोशाख खाली. चार चार. बरोबरीत शेवटचा गुण जिचा, कुस्ती तिची.

पंचांनी हात वर केला तेव्हा सर मॅटकडे धावत येत होते, फोटोवाले त्यांच्या मागे. थोरलीने आपला दुसरा हात त्यांच्या हातात जाऊ दिला नाही. ती कोपऱ्याकडे गेली. चिमणीने तिच्या अंगावर टॉवेल भिरकावला.

"जिंकलीस म्हणून तुला माफ केलं, असं समजू नकोस," ती म्हणाली, आणि चपला फटफटवत निघून गेली.

*

आठवड्याभराने कॉलेजच्या फलकावर पत्रक लागलं. संघ तिसरा आल्याबद्दल अभिनंदन, हॉल कायम, सरांच्या 'कठोर शिस्तीचा' खास उल्लेख. खाली बारीक अक्षरात होतं, एका खेळाडूची प्रकृती ऐनवेळी पोटाच्या तक्रारीमुळे बिघडली होती.

पोटाच्या तक्रारीमुळे. थोरलीने ती ओळ तीनदा वाचली. मग ती घरी गेली, आई कामावरून येईपर्यंत ताटकळत बसली आणि आई चपला काढत असतानाच तिने सगळं सांगून टाकलं. चिमणीचं, आणि मग स्वतःचं.

सगळं ऐकून झाल्यावर आई उठली, चूळ भरली, आणि मग जी सुटली ती सुटली.

"चार वर्षं! चार वर्षं तू मला खोटं सांगितलंस? मी तुझ्या उशाशी बसून हातापाया पडले डॉक्टरांच्या, काय खाल्लं पोरीने, काय खाल्लं विचारत! आणि तू आडवी पडून ऐकत होतीस! वर्षभर पाळी नाही, आणि आईला सांगावंसं वाटलं नाही?" तिने भाजल्याच्या डागांचे हात पदराला पुसले. "त्या माणसाचं मी बघतेच. पण तुझं काय करू? तुला काय म्हणू?"

थोरली रडली, आईही रडली, पण आईचा राग काही त्याने विझला नाही. दुसऱ्या दिवशी तिने बावीस वर्षांत क्वचित काढलेली रजा काढली आणि लेकीला घेऊन प्राचार्यबाईंच्या दालनात जाऊन बसली.

प्राचार्यबाईंनी शांतपणे ऐकलं. "पण शेवटी सगळं ठीक झालं ना?" त्या म्हणाल्या. "मुलगी बरी आहे. तुमची मुलगी तर विजेती आहे."

"बाई," आई म्हणाली, "आमच्या धुलाईघरात मुकादमाने एखादीला असं कोंडलं असतं ना, तर त्याला आम्ही घरी जाऊ दिलं नसतं. तुम्ही पत्रकात त्याला शाबासकी देताय."

प्राचार्यबाईंनी चिमणीला बोलावून घेतलं. चिमणी आली, दारापाशीच उभी राहिली. थोरलीने लिहून आणलेला तक्रारीचा अर्ज तिच्यापुढे ठेवला गेला.

"यात लिहिलंय ते खरं आहे?"

"खरं आहे."

"मग सही करशील?"

"नाही."

आईने चमकून बघितलं. चिमणीची हनुवटी वर होती. "सर गेले तर मला शिकवणार कोण? ताई तर चालली. मला तीन वर्षं खेळायचंय अजून. वजनाचं मी सरांना तोंडावर सांगितलंय, त्रेपन्नच्या खाली उतरणार नाही म्हणून. सही मात्र करणार नाही."

अर्जावर एकट्या थोरलीची सही राहिली. तिने त्यात स्वतःच्या पहिल्या वर्षाचं पान जोडलं आणि स्पर्धेच्या डॉक्टरबाईंना पत्र लिहून त्यांच्या नोंदीची प्रत मागवली. ती प्रत आली आणि मग मात्र कॉलेजला कानाडोळा करता आला नाही. चौकशी बसली. सरांना वर्षभर संघापासून दूर ठेवून कार्यालयात बसवण्यात आलं. नोकरी शाबूत राहिली. आईच्या मते ही थट्टा होती, आणि थोरलीला ते पटत होतं. रणगाड्याने तिच्याशी बोलणं सोडलं ते सोडलंच.

पत्रक मात्र कुणी बदललं नाही. म्हणून एका दुपारी थोरलीने ते फलकावरून स्वतः उतरवलं, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकलं. शिपाई बघत होता.

नवा प्रशिक्षक मिळेपर्यंत हॉल बंद राहणार, असं सांगण्यात आलं तेव्हा थोरलीने किल्ली मागून घेतली. परीक्षा संपली होती, नोकरी लागायची होती. रोज संध्याकाळी पाच वाजता ती मॅट झाडून उभी राहायला लागली. पहिल्या दिवशी कुणीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या, बुजत बुजत.

तिसऱ्या दिवशी चिमणी आली. तिने नमस्कार केला नाही, की काही विचारलं नाही. बूट बांधले, सरळ मॅटवर आली आणि थोरलीची मान अशी गच्च धरली की थोरलीला कळ आली.

"कोपर आत घे," थोरली दात आवळून म्हणाली. "असं उघडं ठेवलंस तर कुणीही हात घालेल."

"माहितीये मला," चिमणी म्हणाली, आणि कोपर आत घेतलं.